बोन मॅरो तपासणी : माझा अनुभव आणि एक हिरवी ट्यूब

बाबांच्या पांढऱ्या पेशी दीड लाखावर, पांथरी बेंबीपर्यंत. संशय सीएमएलचा (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार), म्हणून मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी.

सुईचं काम वीस मिनिटांचं. कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडावर भूल देतात, आधी पातळ मगज ओढतात, मग हाडाचा दीड-दोन सेंटीमीटरचा तुकडा काढतात. मगज ओढताना जी कळ येते ती भुलेनं थांबत नाही, पण काही सेकंदांचीच असते.

घोडं अडलं नमुन्यावर. काचपट्ट्या वेगळ्या, हाडाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, पीसीआरसाठी (जनुकातला बदल शोधणारी तपासणी) जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, कॅरिओटाइपसाठी (गुणसूत्रांची तपासणी) हिरव्या झाकणाची हेपॅरिनची. ईडीटीए आणि हेपॅरिन दोन्ही नमुना गोठू न देणारी रसायनं. हे अदलाबदल करून चालत नाही. हेपॅरिन पीसीआर बिघडवतं, आणि कॅरिओटाइपला पेशी जिवंत लागतात, कारण त्या वाढवूनच गुणसूत्रं पाहतात. आमच्या वेळी हिरवी ट्यूब संपलेली, म्हणून दोन्ही नमुने जांभळ्यात. त्यात शनिवार दुपार. काउंटरवरचं उत्तर : "ठेवा न भाऊ इथं, सोमवारी जाईन नागपूरले." मे महिन्यात, पंख्याखालच्या ट्रेमध्ये! रिपोर्ट आला : पेशी वाढल्या नाहीत, नमुना पुन्हा पाठवा. म्हणजे पुन्हा सुई.

"फिश (ठरावीक जनुकबदल चमकत्या खुणेनं शोधणारी तपासणी) करून भागवा," असंही सांगून झालं. फिशला वाढत्या पेशी लागत नाहीत हे खरं, पण ती विचारलेलाच बदल दाखवते. बीसीआर-एबीएल (सीएमएलचा ओळखीचा जनुकबदल) सापडेल; सोबतचे इतर गुणसूत्रबदल सुटतील.

रक्तातल्या पीसीआरनं सीएमएल कळतो, मग मॅरो कशाला? टप्पा ठरवायला. ब्लास्ट (अपरिपक्व) पेशी २० टक्के किंवा जास्त म्हणजे ब्लास्ट फेज, आजाराचा सर्वांत गंभीर टप्पा; उपचारच बदलतो. मायलोफायब्रोसिसमध्ये (मगजात तंतू वाढण्याचा आजार) तर मगज बहुतेकदा ओढलाच जात नाही, सगळी भिस्त हाडाच्या तुकड्यावर. उलट सीएलएलचं (रक्ताच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार) निदान बहुतेकदा रक्ताच्या फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) होतं. तिथं मॅरो सांगितली तर कशासाठी, ते जरूर विचारा.

तारीख सोमवार-मंगळवारचीच मागा आणि टेबलावर जायच्या आधी हिरवी ट्यूब डोळ्यांनी बघा. ती फ्रीझरमध्ये नको, उन्हात तापलेल्या एसटीतही नको. एक-दोन दिवसांत लॅबला पोचली पाहिजे. फॉर्मवर पांथरीचा आकार, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि चालू गोळ्या लिहून घ्या; आमच्या फॉर्मवर नुसतं 'मॅरो' होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगायची. नंतर अर्धा तास उताणं झोपवून जागा दाबून ठेवतात, पट्टी दिवसभर कोरडी.

आणि हो, काचपट्ट्या फॉर्मॅलिनच्या बाटलीसोबत एका पिशवीत देऊ नका. वाफेनं रंग नीट चढत नाही.