दमा शोधायला गेलो, सापडलं पोट

चैत्रात सप्तशृंग गडाच्या पायऱ्या चढताना मी निम्म्यातच बसलो. सत्तरीचे मामा वर जाऊन दर्शन घेऊन परतले, तरी मी तिथेच. "काय रे भाचा, दम लागस का?"

जळगावजवळच्या एका जिनिंगमध्ये अठरा वर्षं मी हिशेब बघतोय. रुईची धूळ रोजचीच, त्यामुळे घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं: दमा. एका डॉक्टरांनी काही न तपासता पंप दिला. दोन महिने ओढला, काडीचा फरक नाही.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्पायरोमेट्री (फुंकून श्वास मोजायची तपासणी) करायला लावली. म्हणजे नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून श्वास घ्यायचा, झटक्यात सोडायचा आणि संपला असं वाटलं तरी सोडतच राहायचा. समोरची मुलगी "सोडा काका, अजून, अजून!" असं बैल हाकल्यासारखी ओरडत होती. पहिला खोकल्यात गेला, दुसऱ्यात ओठांतून हवा निसटली. तीन बरे जमेपर्यंत पाच वेळा फुंकलं, डोळ्यांपुढे काजवे. मग पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा तेच. (पोटभर जेवून जाऊ नका. मी भरीत-पुरी हाणून गेलो होतो.)

पहिल्या सेकंदात सुटलेली हवा आणि एकूण सुटलेली हवा यांचं गुणोत्तर आलं 0.82. दम्यात श्वासाच्या नळ्या आवळल्या की ते घसरतं. माझं शाबूत होतं. पण एकूण हवाच अपेक्षेच्या 71 टक्के, औषधानंतरही तेवढीच. "नळ्या मोकळ्या आहेत, फुप्फुसांचा भाताच पुरता फुलत नाही," डॉक्टर म्हणाले आणि ड्रॉवरमधून चक्क शिंप्याची टेप काढली. कंबर 104 सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना 90 ची मर्यादा.

बीपी 138/88. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं: साखर 112, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 238, चांगलं कोलेस्टेरॉल 34. कंबर, बीपी आणि हे तीन, अशा पाचांपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मी पाचही पटकावले. पोटातली चरबी छाती-पोटामधल्या श्वासपटलाला खालून रेटते, त्याला खाली उतरायला जागाच उरत नाही. शिवाय ती चरबी रक्तात दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते, त्याची झळ फुप्फुसांनाही लागते. नुसत्या फुंकण्यावरून भाता लहान झालाय हे पक्कं होत नाही. फुप्फुसांत दुसरं काही नाही ना, हे बघायला एक्स-रे काढला. तो स्वच्छ निघाला.

डॉक्टरांनी पंप थांबवला, जिनिंगमध्ये मास्क मात्र सक्तीचा केला. शेवभाजी महिन्यातून एकदा, तीही वरची तर्री काढून. तर्रीविना शेवभाजी म्हणजे काय, हे खान्देशी माणसालाच कळेल. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी राहिली, हे नशीब. पहाटे साडेपाचला मेहरूण तलावावर चालायला जायचो. सातनंतर ऊन टिकू देत नाही.

पाच महिन्यांनी कंबर 97, फुंकणं 77 टक्के. साखर अजून 101 वर अडून बसलीय. परवा मामांचा फोन आला, चैत्रात गडावर येतोस का म्हणून. पायऱ्यांनीच येतो म्हणालो. गडावर नेणाऱ्या ट्रॉलीच्या वेळा मात्र गुपचूप विचारून ठेवल्यात.