परतणारा धूमकेतू हुडकताना: माझी पद्धत

नियतकालिक धूमकेतू अगदी ठरल्या वेळी येईल, यावर मी विसंबत नाही. सूर्याजवळ आला की त्यातून उसळणारे वायूचे झोत त्याला हलके हलके ढकलत राहतात. गुरूजवळून गेला तर कक्षाच बदलते. एंकेचा धूमकेतू १७८६, १७९५, १८०५ आणि १८१८ असा चारदा वेगवेगळा समजून पाहिला गेला. जर्मन खगोलशास्त्रज्ञ एंके याने गणित करून तो एकच असल्याचं दाखवलं आणि १८२२ मध्ये तो भाकिताप्रमाणे परतलाही. पण दर फेरीला तो काही तास लवकर येतो, हेही एंकेच्याच लक्षात आलं.

म्हणून मी एफेमेरिसमधलं (कोणत्या वेळी धूमकेतू आकाशात कुठे असेल, याच्या तक्त्यातलं) एकच स्थान धरून बसत नाही. उपसूर्याची (तो सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची) वेळ अर्धा दिवस मागेपुढे करून आणखी दोन स्थानं काढतो आणि तिन्हींना जोडणाऱ्या रेषेवरच शोधतो. आजूबाजूचं आकाश उगाच चाळू नये.

कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आणि दुर्बिणीची फोकल लेंग्थ ८०० मिमी असेल तर एका पिक्सेलमध्ये साधारण १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग) मावते. एका फ्रेममध्ये, म्हणजे एका फोटोत, धूमकेतू त्याहून जास्त सरकू नये. धूमकेतू मिनिटाला १ विकला सरकत असेल तर ६० सेकंदांची फ्रेम चालते. ६ विकला सरकत असेल तर १० सेकंदच. तीसेक फ्रेम त्याच्या वेगावर आणि दिशेवर जुळवून स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एकत्र केल्या, की तारे रेघा होतात, तो ठिपका राहतो.

इथेच फसगत होते. ट्रॅकिंग किंचित घसरत असेल तर हॉट पिक्सेलही (सेन्सरवरचा कायम चमकणारा सदोष पिक्सेल) त्याच वेगाने सरकून हुबेहूब धूमकेतू बनू शकतो. त्यामुळे डिदरिंग, म्हणजे फ्रेमांच्या मध्ये दुर्बीण किंचित इकडेतिकडे हलवणं, हवंच. शिवाय मी पहिल्या आणि शेवटच्या निम्म्या फ्रेमचे वेगळे स्टॅक करतो. ठिपका दोन्हींत दिसला तरच पुढे मोजमाप.

ठिपक्याचं स्थान मोजताना संदर्भाला गाया कॅटलॉगचे (गाया उपग्रहाने अचूक स्थानं मोजलेले) तारे आणि लहान अॅपर्चर, म्हणजे ठिपक्याभोवतीचं मोजणीचं वर्तुळ. मोठं घेतलं की केंद्र शेपटीकडे ओढलं जातं. फाइलमधली वेळ फ्रेमच्या सुरुवातीची की मध्याची, हे आधी तपासावं. ६० सेकंदांच्या फ्रेममध्ये त्यानेच अर्ध्या मिनिटाची चूक होते. सगळ्या नोंदी गतीच्या दिशेने सारख्याच पुढे किंवा मागे पडत असतील तर मी आधी घड्याळावर संशय घेतो. वेळेचा तेवढाच फरक शेजारच्या ओळखीच्या लघुग्रहातही निघाला, तर घड्याळच चुकलेलं. लघुग्रह जागेवर असेल, तर धूमकेतूच वेळेआधी किंवा उशिरा आलाय. दुसऱ्या रात्री तीच तफावत पुन्हा मिळाली की नोंदी मायनर प्लॅनेट सेंटरला, म्हणजे लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी जमवणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्राला, पाठवतो.