तुम्ही विचारलंत म्हणून : हृदयाचा मेलेला भाग परत येतो का?

हृदयाच्या स्नायूवर काम करते असं म्हटलं की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत आला, ट्रेनमध्ये आला, परवा सोसायटीच्या जिन्यात आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पिशवीतून फाइल काढली. काकांना अ‍ॅटॅक येऊन तीन आठवडे झालेत, टू-डी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इएफ ३० टक्के, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं ३० टक्केच रक्त बाहेर ढकलतोय. "अगं, तुम्ही लोक म्हणे लॅबमध्ये हृदय बनवता. मग ह्यांचा गेलेला भाग परत येईल का?" जिन्यात घाईघाईने दिलेलं उत्तर मलाच पटलं नाही, म्हणून नीट लिहिते.

रक्तवाहिनी बंद झाली की तिच्या पुढचा स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. मोठ्या झटक्यात डाव्या कप्प्यातल्या अब्जभर पेशी जाऊ शकतात. कातडी भरून येते, हाड जुळतं, यकृत वाढतं, हृदयाचं मात्र तसं नाही. हे मोजलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. १९५० ते ६०च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढवला. तो पिकांत आला, अन्नातून आपल्या डीएनएत उतरला. हवेतलं त्याचं प्रमाण वर्षागणिक बदलत गेलं, म्हणून डीएनएतल्या प्रमाणावरून पेशीचं जन्मवर्ष काढता येतं. स्वीडनमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने ते काढलं आणि २००९ मध्ये आकडा दिला : पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. ह्या गतीने अब्जभर पेशींची भरपाई होणं नाही.

मग तिथे व्रण धरतो. व्रणाला सगळे नावं ठेवतात, मी ठेवत नाही. दिवसातून लाखभर वेळा दाब सोसणारी भिंत आहे ती. व्रण धरला नसता तर ती फाटली असती आणि काका आज घरी नसते. पण व्रण आकुंचन पावत नाही. सगळा भार उरलेल्या स्नायूवर पडतो आणि कप्पा हळूहळू फुगत जातो. आमचं सगळं काम ह्या व्रणाच्या जागी धडधडणारा स्नायू कसा आणायचा, ह्याचं आहे.

काकूंनी ऐकलेलं "लॅबमधलं हृदय" मी हातात धरलंय. बोकडाचं. मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर तो यकृत देतो, 'दिल' म्हणावं लागतं, हे मला पीएचडीच्या पहिल्या वर्षी कळलं. ते हृदय नळीला जोडून त्यातून साबणासारखं द्रावण सोडत राहायचं. लाल रंग आधी फिका होतो, मग गुलाबी, मग जातोच. पेशी धुऊन निघतात आणि मागे राहतो पांढरा, अर्धपारदर्शक सांगाडा : झडपा, कप्पे, रक्तवाहिन्यांच्या वाटा, सगळं जागच्या जागी. दिव्यासमोर धरला तर पलीकडची बोटं दिसतात. मिनेसोटात डोरिस टेलर यांच्या गटाने २००८ मध्ये उंदराच्या अशा सांगाड्यात पिल्लांच्या हृदयपेशी भरल्या. आठवडाभराने तो धडधडला. जोर किती? प्रौढ हृदयाच्या २ टक्के. लॅबमध्ये अख्खं हृदय बनवण्याची बातमी वाचताना हे २ टक्के लक्षात ठेवा.

पेशी बनवणं हा आता मुख्य अडसर राहिलेला नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी मूळपेशींच्या (स्टेम सेल), म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या, अवस्थेत नेऊन दाखवल्या. आज त्यांच्यापासून हृदयपेशी करणं आमचं रोजचं काम आहे. आठव्या-दहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बशीचा एक कोपरा हलतो. मग शेजारचा. ३७ अंशांच्या कपाटातून बशी फार वेळ बाहेर राहिली की ठोके मंदावतात, म्हणून मी भरभर बघते आणि परत ठेवते. इतकी वर्षं झाली, तरी पहिला ठोका दिसला की हातातलं काम थांबतं.

अडतं ते पुढे. ह्या पेशी वयाने अर्भकाच्या असतात, आपापल्या तालात धडधडतात. सिएटलमध्ये चार्ल्स मरी यांच्या गटाने २०१४ मध्ये माकडांच्या जखमी हृदयांत अशाच, पण मानवी भ्रूणाच्या मूळपेशींपासून केलेल्या, अब्जभर हृदयपेशी टोचल्या. त्या रुजल्या, जुन्या स्नायूशी जोडल्याही गेल्या, पण ठोके बिघडले. पंप सुधारताना ताल बिघडला तर माणूस हातचा जातो. जर्मनीत गॉटिंगेनला वोल्फ्राम झिमरमान यांनी सुईऐवजी ठिगळाची वाट धरली : तयार स्नायूचा तुकडा बाहेरून हृदयावर शिवायचा. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी माकडांसोबत एका स्त्री रुग्णाचीही हकिगत मांडली. ठिगळ शिवल्यावर तीन महिन्यांनी तिचं हृदय-प्रत्यारोपण झालं, तेव्हा काढलेल्या हृदयावरचं ठिगळ जिवंत होतं, त्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. मला ही वाट जास्त भरवशाची वाटते.

तर काकू, मेलेला भाग आज परत आणता येत नाही. पण तीन आठवड्यांच्या एकोत मेलेला आणि नुसता गारठलेला, म्हणजे जिवंत पण झटक्याने सुन्न झालेला, स्नायू एकसारखाच गप्प दिसतो. गारठलेला औषधांनी जागा होऊ शकतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा एको करतात. तो चुकवू नका. आणि कुणी लाखो रुपये घेऊन "स्टेम सेल टोचतो" म्हणालं तर तिथून उठा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हृदयासाठी हे फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतं, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

काल काकूंनी वजनकाटा आणला. काकांचं वजन रोज सकाळी, चहाच्या आधी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच डॉक्टरांना फोन. फ्रिजवर कागद चिकटवलाय, त्यावर पहिला आकडा लिहिलाय : ६८.४.