रानमेथी अपडेट : दगडी बी अखेर फुगलं

आंब्याखालच्या वाफ्यात रानमेथी (जमिनीलगत पसरणारी, शेंगा धरणारी वनस्पती) बियांपासून उगवायची होती, पण बी रुजेना. उगवणीचं घोडं कुठे पेंड खात होतं ते आता कळलं. कवच! माती बदला, शेणकाल्यात घोळवा, रात्रभर भिजत ठेवा. काहीही केलं तरी कडक कवचातून पाणी आत शिरतच नव्हतं, बहुतेक बिया सकाळीही होत्या तेवढ्याच.

उपाय पॉलिश पेपरचा. शेंगा तपकिरी झाल्या की वाफ्यावरून सुती फडकं फिरवायचं. शेंग सांध्यांवर तुटते, तिच्या तुकड्यांना आकड्यांसारखी लव असते, ते फडक्याला आपसूक चिकटतात. कडक वाळवून 120 नंबरच्या दोन कागदांमध्ये हलक्या हाताने गोल चोळायचे. आधी साल उडतं, मग बियांची चकाकी जाते. चकाकी गेली की थांबा. 80 नंबरचा जास्त खरखरीत कागद नकोच, बियांची डाळ होते आणि अंकुर तुटतो. नंतर 12 तास साध्या पाण्यात. टम्म फुगलेल्या पेरायला, कडक राहिलेल्या पुन्हा कागदावर. उकळत्या पाण्याचा उपाय बरेच जण सांगतात, पण एवढ्या बारीक बियांना किती उष्णता झेपेल याचा नेम नाही, निम्म्या शिजतात.

पेरताना वाळूत मिसळा, वर जेमतेम 3-4 मिमी माती. खोल गेलेलं बी वर येत नाही. झारी बारीक भोकांची, आणि मुंग्यांवर नजर.

रायझोबियम (मुळांवर गाठी करून झाडाला हवेतला नत्र देणारे जिवाणू) मागितलं की दुकानदार सोयाबीनचं पाकीट पुढे करतात. आपल्याला चवळी गटाचं हवं. 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याचं, इथे बी चमचाभर. उरलेलं चवळीला लावा. किंवा जुन्या रानमेथीखालची मूठभर माती मिसळा, तीही चालते. मुळावरची गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी दिसली म्हणजे नत्राचं काम सुरू झालं. हा रंग पाहण्यासारखं सुख नाही! युरिया टाकलात तर गाठी कमी धरतात आणि हरळी, लव्हाळा माजतात.

आंब्याखालचा सगळा वाफा बियांनीच भरायचा बेत होता, तो आता बदलतोय. गर्द सावलीत रानमेथी विरळच राहते, त्यामुळे खोडाजवळचा भाग पालापाचोळ्याला सोडलेला बरा. उन्हाच्या कडेला जूनच्या पावसात 15-15 सेमी अंतरावर मुळं फुटलेले धुमारे लावायचे; पेऱ्यापेऱ्याला मुळं सुटतात, मधली जागा ते स्वतःच व्यापतात. पेपरवर चोळलेलं बी फक्त धुमारे मेलेल्या जागी. लव्हाळा मात्र त्याआधीच त्याच्या जमिनीतल्या कंदांसकट खणून काढायला हवा, नंतर रानमेथीची मुळं न दुखावता तो निघत नाही.