गाडीची बॅटरी आणि खान्देशचा वैशाख

"हाई बॅटरी कितला वरीस टिकी भो?"

गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक गाडी उभी दिसली की शेजारच्याकडे पंक्चर काढायला आलेला माणूसही हे विचारून जातो. जुनी गाडी घ्यायला निघालेले विचारतात. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने गाडी घेऊन दिली ते आप्पा विचारतात. बऱ्याचदा प्रश्नातच उत्तर असतं: "चार-पाच वर्षांत बॅटरी बसते आणि मग अर्ध्या गाडीचे पैसे पुन्हा मोजायचे, असंच ना?" उभ्या उभ्या, हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून याचं धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बसून लिहितो.

माझं दुकान जळगाव-भुसावळ रस्त्यावर आहे. काम गाड्यांच्या वायरिंगचं. आधी सेल्फ, अल्टरनेटर आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, आता त्यांच्या जोडीला इलेक्ट्रिक गाड्यांची तपासणी. तर पहिली गोष्ट ही, की चार-पाच वर्षांत बॅटरी बसते हे खरं नाही. ती एका दिवसात दगा देत नाही, हळूहळू आक्रसत जाते. आणि आपल्या भागात ती किती आक्रसणार हे गाडी किती पळाली यापेक्षा ती वैशाखात कुठे आणि किती टक्क्यांवर उभी राहिली यावर जास्त ठरतं. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते का, हे कळल्याशिवाय कोणी ऐकत नाही.

लोकांच्या मनातली भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे. घरोघरी इन्व्हर्टर आहे. त्याची लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकते. जुन्या ई-रिक्षांच्या बॅटऱ्या तर वर्ष-दीड वर्षात बदलताना सगळ्यांनी पाहिल्यात. त्या बॅटरीला पूर्ण उतरवलं की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि एक दिवस ती अचानक लोड घेईनाशी होते. इलेक्ट्रिक गाडीतल्या लिथियम-आयन बॅटरीचं म्हातारपण अगदी निराळं. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना.

आत काय होतं ते सांगतो. गाडीची बॅटरी पुष्कळ सेल जोडून बनते. प्रत्येक सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला लिथियम असलेलं धातूंचं संयुग, आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट नावाचं द्रव. चार्ज करताना लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरतं, गाडी चालताना परत फिरतं. हे जाणारं-येणारं लिथियम जितकं, तितकी बॅटरीची क्षमता. अडचण अशी की ग्रॅफाइटला लागलं की इलेक्ट्रोलाइट थोडं थोडं फुटतं आणि ग्रॅफाइटवर त्याचा एक पातळ थर बसतो. या थरात लिथियम अडकतं, आणि एकदा अडकलं की ते परत येत नाही.

ज्यांनी धुळ्याकडची पांझरेकाठची फड बागायत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांना देण्याची जुनी पद्धत, पाहिली असेल त्यांना हे लगेच समजेल. मातीच्या कोरड्या पाटात पहिलं पाणी सोडलं की बरंचसं पाणी पाटच पिऊन टाकतो. मग तळाला गाळ धरतो, तो गाळच पाझर अडवतो आणि पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचतं. गाळाला भेगा पडल्या की तिथून पुन्हा पाणी मुरतं. बॅटरीचं पहिलं चार्जिंग कारखान्यातच करतात ते याचसाठी. थोडं लिथियम खर्ची घालून तो थर बसवतात, आणि तोच थर पुढे बॅटरीला राखतो. पण चार्ज होताना ग्रॅफाइट सुमारे दहा टक्के फुगतं, उतरताना आकसतं. त्याने थराला बारीक भेगा पडतात आणि त्या बुजवायला नवं लिथियम लागतं. गाडी नुसती उभी असली तरी थर हळूहळू जाड होतच राहतो.

थर जितका जाड, तितका तो पुढे वाढायला वेळ घेतो. त्यामुळे घट सुरुवातीला वेगाने होते, नंतर मंदावते. ढोबळ हिशेब वेळेच्या वर्गमुळाचा धरतात. समजा पहिल्या वर्षात ४ टक्के गेले, तर चार वर्षांनी १६ जात नाहीत, ८च्या आसपास जातात. पहिल्या वर्षाची घट पाहून "याच वेगाने गेलं तर संपलंच" म्हणत धास्तावलेले लोक येतात, त्यांना मी हे कागदावर मांडून दाखवतो. अर्थात हे नुसत्या थरापुरतं. वापराने होणारी झीज त्यात मिळवायची, आणि पार शेवटी, फार म्हाताऱ्या बॅटरीत, घट पुन्हा वेग घेऊ शकते.

आता ऊन. रासायनिक क्रियेचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो, असा एक जुना ठोकताळा आहे. बॅटरीला तो अगदी तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा तीच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, आणि खरा घात करतात त्या रात्री. पाच-पाचशे सेल असोत की शंभर, ते सगळे मिळून झालेलं पॅक हे काही क्विंटलचं धूड आहे. दिवसभर तापलं की रात्रीच्या तीस अंशांत ते निवत नाही. बहुतेक गाड्यांत कूलंट, म्हणजे बॅटरी थंड ठेवणारं द्रव, गाडी चालताना किंवा चार्ज होतानाच फिरतं. उभ्या गाडीची बॅटरी आपली आपण तापत बसते.

हे परदेशात घडून गेलंय. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातलं फिनिक्स शहर उन्हाळ्यात आपल्या भुसावळसारखंच भाजतं. तिथे निसान लीफ ही गाडी घेतलेल्यांच्या लक्षात २०१२च्या उन्हाळ्यात आलं की डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या बारा पट्ट्यांपैकी काही गायब झाल्यात. गाडी फार तर दीड वर्षाची. त्या बॅटरीला द्रवाने थंड करायची सोय नव्हती. त्याच वेळी थंड प्रदेशातल्या त्याच गाड्या ठणठणीत होत्या. ओरड झाली, तेव्हा कंपनीने क्षमतेचीही वॉरंटी दिली, पाच वर्षांत किंवा ६० हजार मैलांत नऊ पट्ट्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती किंवा बदली. मग २०१५च्या मॉडेलला उन्हात तगणारी रसायनं वापरली. आज आपल्याकडच्या बहुतेक चारचाकींना द्रवाचं कूलिंग असतं आणि बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते. कंपन्यांनी हा धडा घेतलाय. आपण मात्र गाडी उभी करताना अजून घ्यायचाय.

यावलकडून एक गाडी आली होती. निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना नानाच म्हणतो. गाडी मुलाची, तो दिवाळीला आणि लग्नसराईत येतो तेव्हा चालते. नाना काळजीचे. गाडी सदैव १०० टक्के चार्ज ठेवायचे, अडीनडीला दवाखान्यात जायची वेळ आली तर अडायला नको. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये. सकाळी दहाला मी बॅटरीचे आकडे वाचणारा स्कॅनर लावला तर पॅकचं तापमान ३९ अंश दाखवत होतं, गाडी रात्रभर हललेली नसताना. शेडच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसेल अशी अवस्था. किलोमीटर अगदी किरकोळ. त्याच आठवड्यात त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची एक टॅक्सी आली. ती रोज जळगावहून संभाजीनगर करते, किलोमीटर नानांच्या कित्येक पट. स्क्रीनवर एसओएच, म्हणजे नवी असतानाच्या तुलनेत उरलेली क्षमता, टॅक्सीची जास्त निघाली.

दोन गाड्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळतं. पण प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं मोजलेलं हेच सांगतं. भरलेल्या बॅटरीत ग्रॅफाइट लिथियमने गच्च असतं, तेव्हा इलेक्ट्रोलाइट फुटायला सगळ्यात अनुकूल परिस्थिती असते. त्यात ऊन मिळालं की थर जोमाने वाढतो. टॅक्सी दिवसभर फिरते, भरलेली उभी फारशी राहत नाही, आणि चालताना तिचं कूलंट फिरतं. नानांची गाडी महिनोन्महिने भरलेली आणि तापलेली. नानांना मी एवढंच सांगितलं की ५० टक्क्यांवर ठेवा. तालुक्याच्या दवाखान्यातच काय, जळगावला जाऊन यायलाही तेवढी पुरते. आणि शेडच्या पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या टाका.

चालवण्याने झीज होत नाही असं नाही, पण तिचाही हिशेब करून पाहा. गाडी एका पूर्ण चार्जमध्ये २०० किलोमीटर जाते असं धरलं तर वॉरंटीचे १ लाख ६० हजार किलोमीटर म्हणजे ८०० पूर्ण चार्ज. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट प्रकारचे सेल प्रयोगशाळेत दोन हजारांच्या पुढे जातात. म्हणून किलोमीटर वाचवायला गाडी झाकून ठेवणाऱ्यांची मला हळहळ वाटते.

एलएफपीचं नाव निघालंच आहे तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं की १०० करायचं, हा वाद सांगून टाकतो. सेल मुख्यतः दोन जातींचे. एनएमसी, ज्यात निकेल, मँगनीज, कोबाल्ट असतं, आणि एलएफपी, ज्यात लोह आणि फॉस्फेट. एनएमसीवाल्यांनी रोजच्याला ८० टक्क्यांवर थांबावं, यात वादच नाही. एलएफपी उन्हाला आणि पूर्ण चार्जला जास्त सोसते, शिवाय तिला अधूनमधून पूर्ण भरावंच लागतं. कारण तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो. ३० टक्के असो की ७०, आकडा ३.३ व्होल्टच्या आसपासच. बीएमएस, म्हणजे बॅटरीचा हिशेब ठेवणारं सर्किट, मग अंदाजावर चालतं आणि चुका साठत जातात. पूर्ण भरली की व्होल्टेज एकदम चढतो आणि हिशेब जागेवर येतो. "काल १८ टक्के होते, दोन किलोमीटरवर ९ झाले, बॅटरी गेली" असं म्हणत येणाऱ्या गाडीची बॅटरी पुष्कळदा धडधाकट असते, फक्त हिशेब चुकलेला असतो. पण सोसते म्हणजे तिला काहीच होत नाही असं नाही. माझा सल्ला, आठवड्याला एकदा १०० करा, पण निघायच्या सकाळी. शनिवारी भरून सोमवारपर्यंत अंगणात उभी ठेवू नका.

फास्ट चार्जिंगबद्दल लोक जितकं घाबरतात तितकं घाबरायचं कारण नाही. पॅक तापला की बीएमएस स्वतःच वेग कमी करतं. त्याचा खरा धोका थंडीत, आणि इथे धुळ्याकडच्यांनी लक्ष द्यावं. जानेवारीत तिथला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. इतक्या गार सेलमध्ये जोरात करंट ढकलला तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन बसतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. पहाटे निघून लगेच फास्ट चार्जरला लावण्यापेक्षा आधी थोडी चालवून मग लावा.

मे महिन्यात रेंज घटली म्हणून क्षमता घटली असं समजू नका. एसी, हायवेचा वेग, टायरमधली कमी हवा, यांनीच रेंज खाली येते. क्षमता पाहायची असेल तर १०० टक्के भरून १० टक्क्यांपर्यंत चालवा आणि गाडीने दाखवलेली खर्च झालेली युनिटं टिपून घ्या. २४ युनिट खर्ची पडली तर भागिले ०.९, म्हणजे एकूण २६.७. वर्षातून एकदा, शक्यतो त्याच मोसमात, हे करा आणि वहीत लिहून ठेवा. जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना करू नका, त्यातला काही भाग कंपनीने राखून ठेवलेला असू शकतो. स्वतःच्या जुन्या आकड्याशी करा.

सेकंडहँड गाडी दाखवायला माझ्याकडे येणार असाल तर एक विनंती. विकणारा गाडी १०० टक्के चार्ज करून देतो, तशी आणू नका. मधल्या टप्प्यात सगळे सेल सारखेच शहाणे दिसतात, अशक्त सेल ओळखू येतो तो तळाशी. गाडी १५ टक्क्यांवर असताना आणा. मी स्कॅनर लावून शेजारी बसतो, तुम्ही रस्त्यावर काढून अ‍ॅक्सिलरेटर दाबा. सगळ्या सेलचे आकडे एकत्र खाली गेले आणि पाय काढल्यावर एकत्र वर आले, तर घ्या. एखादाच बाकीच्यांना सोडून खोल गेला, तर ती गाडी किती कमी किलोमीटर चालली असं विकणारा सांगतोय, त्याकडे लक्ष देऊ नका. ती कुठे उभी होती, ते विचारा.