फार्मव्हिल: जिथे पाच वर्षं शाळांना कुलूप होतं

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रिचमंडहून पश्चिमेकडे निघालं की रस्त्याच्या कडेला जनरल ली, म्हणजे अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सेनापतींच्या माघारीच्या पाट्या दिसू लागतात. 1865च्या एप्रिलमध्ये त्यांचं सैन्य याच भागातून मागे हटत अ‍ॅपोमॅटॉक्सला पोचलं आणि शरण आलं. पर्यटक पाटी दिसेल तिथे थांबत तो मार्ग बघतात. माझ्या भाच्यालाही तेच बघायचं होतं. मी मात्र वाटेतल्या फार्मव्हिलला थांबायचंच, असं घरून निघतानाच ठरवलं होतं. माझं सगळं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेलं. जिथे सरकारनेच शाळांना कुलूप घातलं, ते गाव न बघता पुढे जाणं मला पटलं नसतं.

वॉशिंग्टनचे दिवस चेरीच्या बहरात आणि सेल्फीच्या गर्दीत गेले. त्यावर लिहावं असं काही नाही.

फार्मव्हिल हे प्रिन्स एडवर्ड काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मुख्य ठिकाण, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं. इथली लाल विटांची एकमजली रॉबर्ट मोटन शाळा आता म्युझियम आहे. 1939 साली ती कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधली, जेमतेम 180 मुलांच्या हिशेबाने. दहा-बारा वर्षांत पट साडेचारशेच्या वर गेला. गोऱ्यांच्या ताब्यातल्या स्कूल बोर्डाने नवी इमारत दिली नाही. आवारात लाकडी खोल्या ठोकल्या आणि त्यांना डांबरी कागद लावला. आत एक शेगडी. तिच्याजवळ बसणारी मुलं भाजून निघत, लांबची अंगातला कोट काढत नसत. पाऊस आला की छत गळे. रस्त्याने जाणाऱ्यांना ती कोंबड्यांची खुराडी वाटत. पुस्तकं गोऱ्या शाळेत वापरून झालेली, बसही तिथूनच उतरलेली. एक वर्ग तर बसमध्येच भरायचा.

सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने याबद्दल आपल्या संगीताच्या बाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, मग तूच काहीतरी का करत नाहीस? 23 एप्रिल 1951ला मुलांनी मुख्याध्यापकांना खोट्या फोनवरून शाळेबाहेर पाठवलं, वर्गावर्गांत चिठ्ठ्या धाडून सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि बार्बराने संप जाहीर केला. ते सभागृह तसंच ठेवलंय. मी तिथल्या एका खुर्चीवर बसले. तिची धाकटी बहीण जोन त्या दिवशी तिथेच बसली होती. पुढे तिने सांगितलं की ताईला व्यासपीठावर बघून ती भीतीने खुर्चीत खाली खाली सरकत गेली. शौर्याच्या गोष्टीत अशी घाबरलेली माणसं सहसा उरत नाहीत. तिची आठवण कोणीतरी विचारून नोंदवली, म्हणून ती उरली.

संप दोन आठवडे चालला. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील आले. नुसती चांगली इमारत मागू नका, वेगळी शाळा ही पद्धतच मोडायला मागा, तरच आम्ही लढतो, असं त्यांनी सांगितलं. पालक तयार झाले आणि 117 विद्यार्थ्यांच्या नावाने दावा दाखल झाला. ज्या पाच खटल्यांवर मिळून 17 मे 1954चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा ब्राउन निकाल आला, त्यातला हा एक. शाळेतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. अभ्यासाच्या पुस्तकांत गोष्ट बहुधा इथेच संपते, आणि याचाच मला राग येतो.

कारण 1959च्या उन्हाळ्यात, आता दोन्हीकडच्या मुलांना एकत्र बसवावंच लागणार हे कळल्यावर, काउंटीच्या कारभाऱ्यांनी शाळांसाठी पैसेच मंजूर केले नाहीत. मारहाण नाही, जाळपोळ नाही. बैठकीत हात वर झाले आणि काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळा बंद. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकॅडमी उभी राहिली, तिला पुढे सरकारी अनुदानाचा आधारही मिळाला. कृष्णवर्णीय मुलांना काहीच नाही. हे पाच वर्षं चाललं.

म्युझियममध्ये तेव्हाच्या मुलांच्या आठवणी आहेत, पण मला त्या एका माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाल्या. बाकावर एक आजोबा नातीबरोबर बसले होते. मी शिक्षिका होते हे कळल्यावर त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं. 1959 साली ते आठ वर्षांचे होते. "मॅम, आईने सप्टेंबरमध्ये नेहमीसारखे कपडे इस्त्री करून ठेवले," ते म्हणाले. "मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. अकॅडमीची बस समोरून गेली. बऱ्याच दिवसांनी आईने मला उभं राहणं बंद करायला लावलं."

चर्चच्या तळघरात एक बाई काही तास मुलांना जमवायच्या. अक्षरं विसरू नयेत, एवढाच हेतू. आजोबांच्या थोरल्या बहिणीला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेने ओहायो राज्यात एका अनोळखी कुटुंबाकडे शिकायला पाठवलं. पंधराव्या वर्षी घर सोडून गेली, ती इथे राहायला कधी परतलीच नाही. काही आईबाप शेजारच्या काउंटीत भाड्याची खोली घेऊन तो पत्ता शाळेला दाखवत. यांच्या वडिलांकडे तेवढे पैसे नव्हते. सतरा वर्षांचा भाऊ तंबाखूच्या शेतात कामाला लागला आणि त्याची शाळा तिथेच संपली. 1963 साली देणग्यांवर मोफत शाळा सुरू झाल्या, तेव्हा आजोबा बारा वर्षांचे होते. इयत्ता नव्हत्याच, ज्याला जेवढं येतं तिथून सुरुवात. "माझ्या बाकावर सात वर्षांचा मुलगा होता," ते म्हणाले, "आणि तो माझ्यापेक्षा भरभर वाचायचा."

मी वर्गात मोठ्या वयाची मुलं बसवली आहेत. ऊसतोडीवरून परतलेला मुलगा लहानांच्या ओळीत बसताना पाय बाकाखाली कसे लपवतो, ते मला माहीत आहे. त्याच्या आईबापांना कारखान्याचा हंगाम घेऊन जायचा. इथे तर मुलं घरीच होती, इमारती उभ्या होत्या, शिक्षक होते. त्या शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या आणि त्यातले कितीतरी गाव सोडून गेले. म्हणजे 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या, तेव्हा या मुलांना ओळखणारे गुरुजी-बाई तिथे फारसे उरलेच नव्हते. गोरी मुलं अकॅडमीतच राहिली. एकत्र शाळेच्या निकालाला दहा वर्षं झाली होती, तरी सरकारी शाळेत गोरी मुलं मोजकीच आली.

जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. शूद्र-अतिशूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. त्यानंतर 86 वर्षांनी त्याच देशातल्या एका काउंटीने मुलांना पाटीपासून तोडलं. त्या बाकावर बसून मला जोतिरावांसाठी फार वाईट वाटलं.

राज्याने 2004 साली त्या कुलूपबंद पिढीसाठी शिष्यवृत्ती काढली. आजोबांनी पन्नाशी उलटल्यावर अर्ज करून बारावीच्या तोडीची परीक्षा दिली. भाऊ तोवर वारला होता. नात हे सगळं फोनवर रेकॉर्ड करत होती. ऐकलेलं तिने बरंच होतं, पण बसची गोष्ट तिला नवी होती.

भाचा बाहेर गाडीत वाट बघत कंटाळला. अ‍ॅपोमॅटॉक्स आम्ही धावतपळत उरकलं, त्याचं मला काही वाटलं नाही. तुम्ही व्हर्जिनियात असाल तर फार्मव्हिलला अर्धा दिवस द्या, फलक वाचून निघू नका, बाकावर बसलेल्यांशी बोला. कुलपाच्या काळातली सगळ्यात धाकटी मुलंही आता सत्तरीला टेकली आहेत, तेव्हा जायचं तर लवकर जा.