टाकीच्या तळाशी बदामाचा पाचोळा

माशांच्या टाकीत देशी बदामाचे वाळलेले पान टाकावे, असे आता बहुतेक दुकानदार सांगतात, पण ते पान औषध म्हणून विकले जाते. पानाने फायटर माशाची फाटलेली शेपटी भरून येते, बुरशी जाते आणि जोडी लवकर अंडी घालते, असे सांगितले जाते. पानांच्या अर्कामुळे काही जिवाणूंची वाढ रोखली जाते, हे प्रयोगशाळेत दिसून आलेले आहे. तरीही आजारी माशाचा उपचार पानावर सोपवणे मला पटत नाही. माझ्या मते पानाचे खरे काम ते कुजू लागल्यावर सुरू होते, आणि म्हणून एखादे पान तरंगत ठेवण्याऐवजी तळाशी पाचोळ्याचा थर करावा.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील रिओ नेग्रो नदीत, जिथून कार्डिनल टेट्रा हा टाकीत पाळला जाणारा छोटा मासा येतो, जंगलातून पडलेल्या पानांचे थर पाण्याखाली साचतात आणि कित्येक लहान मासे त्या थरांतच राहतात. पान भिजले की त्यावर जिवाणू आणि बुरशीचा बुळबुळीत थर चढतो, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांवर माशांची नुकती पोहू लागलेली पिल्ले जगतात. ज्या पिल्लांच्या तोंडात विकतचा बारीकातला बारीक दाणाही मावत नाही, त्यांना हे अन्न सतत समोर मिळते. चेरी झिंगे तर दिवसभर पाने खरवडत असतात. भित्र्या माशांना आडोसाही मिळतो, आणि लपायला जागा आहे हे कळल्यावर तेच मासे अधिक मोकळेपणाने बाहेर फिरू लागतात.

ही पाने विकत घेण्याची गरज नवी मुंबईत तरी कोणाला पडू नये. आमच्या नेरुळमध्ये सोसायट्यांच्या आवारात देशी बदामाची झाडे भरपूर आहेत आणि हिवाळा सरताना त्यांची पाने लालबुंद होऊन गळतात. गळण्यापूर्वी झाड पानातील नत्राचा बराचसा भाग परत खेचून घेते. म्हणूनच आपोआप गळून तपकिरी झालेले पान टाकीत हळूहळू कुजते, आणि हिरवे तोडून वाळवलेले पान मात्र पाणी लवकर बिघडवते. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवले आहे. त्या कोरडी, न फाटलेली पाने बाजूला काढून ठेवतात. डासांसाठी धूरफवारणी झाली असेल, तर त्यानंतर बराच काळ मी त्या आवारातील पान घेत नाही, कारण अशा फवारणीत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके मासे आणि झिंगे या दोघांनाही अत्यंत घातक असतात. वाहत्या रस्त्याकडेची पानेही नकोत. ठाण्याच्या मित्रांना येऊरचा मोह होतो, पण ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथला पाचोळा तिथेच राहायला हवा. बदाम नसेल तर पेरू, फणस किंवा केळीची वाळलेली पाने चालतात. कण्हेर विषारी आहे आणि निलगिरीत तेल असते, त्यामुळे ती दोन्ही टाळावीत.

पाने धुऊन, त्यांवर उकळते पाणी ओतून रात्रभर ठेवली की लवकर बुडतात. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. तो नको असल्यास फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालावा. पाने टाकल्याने पीएच उतरतोच, म्हणजे पाणी आम्ल होतेच, ही समजूत मात्र खरी नाही. पाण्यात कार्बोनेटचे क्षार जास्त असतील, तर पानांतून उतरणारी सौम्य आम्ले त्यात जिरून जातात आणि पीएच जवळजवळ हलत नाही. धरणाचे मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, पाणी आणि टँकरने आलेले बोअरचे पाणी यांत म्हणूनच फार फरक पडतो. आधी केएच, म्हणजे पाण्यातील या कार्बोनेट क्षारांचे प्रमाण, मोजावा, मग पाने किती टाकायची ते ठरवावे. साधारण 40 लिटरला एक मोठे पान ही चांगली सुरुवात आहे. गप्पी, मोली आणि मलावी सरोवरातील सिक्लिड यांना कठीण पाणी मानवते, त्यामुळे त्यांच्या टाकीत मी पाचोळ्याच्या वाटेला जात नाही.

जपायला हवे ते एप्रिल-मेमध्ये. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्याच वेळी कुजण्याचा वेग वाढून तो अधिक खर्च होतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसले, तर निम्मी पाने काढावीत, थोडे पाणी बदलावे आणि एअर पंप रात्रभर चालू ठेवावा. एरवी मी जुनी पाने काढत नाही. शिरांची जाळी उरली तरी ती तशीच राहू देते आणि वरून नवे पान टाकते. कारण जुन्या पानांवर चढलेला थर नव्या पानावर यायला बरेच दिवस लागतात, आणि सगळा पाचोळा एकदम बदलला तर तेवढे दिवस पिल्ले उपाशी राहतात.